घुमटाचे पाय

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे चारच्या सुमाराला किल्लारीची जमीन हादरली. गणेश विसर्जन आटोपून दमलेली गावे गाढ झोपेत होती. आठ-दहा हजार माणसे गेली, आणि त्यांतली बहुतेक स्वतःच्याच घरांच्या दगडी भिंतींखाली आणि माळवदाखाली गेली. माळवद म्हणजे लाकडी तुळया, त्यांवर फळ्या आणि त्यांवर फूट-दीड फूट माती. मराठवाड्याच्या उन्हात याच्याइतके गार छप्पर दुसरे नाही. पण चाळीस सेंटिमीटर मातीचा थर दर चौरस मीटरला सहा-सातशे किलो भरतो. भूकंपाचे बळ वजनाच्या पटीत वाढते, त्यामुळे हे छप्पर त्या पहाटे घरातल्यांचा वैरी ठरले.

3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले तेव्हा चित्र नेमके उलटे होते. सिमेंटचे आणि लोखंडी पत्रे घरांवरून उडाले, माडांच्या बागा आडव्या झाल्या. लोखंडी पत्र्याचे वजन चौरस मीटरला चार-पाच किलो. ताशी 120 किलोमीटरच्या झोताचा दाब मात्र चौरस मीटरला 68 किलोंच्या घरात जातो. अशा पत्र्याला हुकांनी आणि खिळ्यांनी धरून ठेवायचे. ते सुटले की पत्रा शेजारच्या वाडीत.

छप्पर जड असावे की हलके, असे विचारले तर वारा एक उत्तर देतो आणि भूकंप त्याच्या विरुद्ध. आरसीसी घुमट हा या दोघांमधला तह आहे. वाऱ्याने उचलले जाणार नाही इतका तो जड असतो, आणि जमिनीच्या हिसक्यात स्वतःच्या ओझ्याने फाटणार नाही इतका पातळ. हा तह सहसा टिकतो. मोडलाच तर माथ्यावर क्वचित मोडतो. तो मोडतो कडेला, आधाराला, दाराच्या कोपऱ्यात, नाहीतर काम चालू असताना. पुढील प्रकरणांत समीकरणे आणि आलेख पुष्कळ येतील. त्यांच्या गर्दीत हा मुद्दा हरवू नये, म्हणून तो इथे जरा सैलपणे मांडला आहे.

घुमटातून बळ दोन वाटांनी वाहते. एक वाट माथ्यापासून पायथ्याकडे उतरते, पृथ्वीच्या गोलावरच्या रेखावृत्तांसारखी. दुसरी अक्षवृत्तांसारखी, आडव्या कड्यांवरून फिरते. सारख्या जाडीच्या अर्धगोल घुमटात, केवळ स्वतःच्या वजनाखाली, उभ्या रेषांवर सगळीकडे दाबच असतो. आडव्या कड्यांचे तसे नाही. माथ्यापासून सुमारे 52 अंशांपर्यंत त्या दाबात असतात, त्याखाली ताणात जातात. घुमटाला खाली पसरायचे असते, आणि कडी त्याला पसरू देत नाही. दगड, वीट आणि चुना दाब हसत झेलतात, ताणापुढे मात्र हात टेकतात. म्हणून जुन्या घुमटांना खालून वर चढणाऱ्या उभ्या भेगा पडतात. रोमच्या पॅन्थिऑनला त्या आहेत. इसवी सन 126 च्या सुमाराचा हा 43.3 मीटर व्यासाचा काँक्रीटचा घुमट, त्यात सळई नाही, आणि भेगा घेऊनच तो उभा आहे. व्हॅटिकनच्या सेंट पीटर्सच्या घुमटाच्या भेगांनी अठराव्या शतकात एवढी धास्ती घातली, की पोपने गणितज्ञ बोलावले. पादुआच्या जोव्हान्नी पोलेनीने साखळी टांगून घुमटातल्या दाबाची रेषा काढली, त्यावरचा ग्रंथ 1748 साली प्रसिद्ध केला, आणि घुमटाला लोखंडाची जादा कडी चढली. बैलगाडीच्या चाकावर लोहार तापवलेली धाव बसवतो. ती थंड होऊन आवळली की आरे आणि पुठ्ठे जागचे हलत नाहीत. पोलेनीने घुमटासाठी तेच सुचवले होते. विजापूरच्या गवंड्यांकडे तो मार्ग नव्हता. 1656 च्या गोलघुमटाखाली त्यांनी तीन मीटर जाडीच्या भिंती घातल्या, घुमटाखाली एकमेकींना छेदणाऱ्या कमानींची जाळी बसवली, आणि बाहेर ढकलणारे बळ वजनाने जिरवले.

काँक्रीटमध्ये सळई आली आणि धाव घुमटाच्या अंगातच बसली. आजच्या पोलंडमधल्या व्रोत्सवाफ शहरात (तेव्हाचे जर्मन ब्रेस्लाऊ) माक्स बेर्गचे शतक सभागृह 1913 साली पुरे झाले. फासळ्यांचा 65 मीटर व्यासाचा हा घुमट त्या काळी काँक्रीटच्या घुमटांत जगात सर्वांत मोठा होता. पुढच्या दहा वर्षांत फासळ्याही नकोशा झाल्या. येना शहरात झाइस कंपनीला तारांगणाच्या प्रक्षेपकाची चाचणी घ्यायला गोल छत हवे होते. वाल्टर बाउअर्सफेल्ड आणि फ्रान्झ डिशिंगर यांनी कारखान्याच्या गच्चीवर 16 मीटर व्यासाचे कवच उभारले. जाडी तीन सेंटिमीटर. मुंबईकर वरळीच्या नेहरू तारांगणात 1977 पासून जे छत डोक्यावर घेऊन आकाश पाहतात, त्याचे मूळ त्या गच्चीवर आहे.

आता एक घुमट कागदावर बांधून पाहू. व्यास 20 मीटर, उंची 4 मीटर, जाडी 10 सेंटिमीटर. गावाकडच्या मंगल कार्यालयावर शोभेल असा. त्याचे वजन साधारण 91 टन भरते. पायथ्याशी काँक्रीटमधला दाब येतो चौरस मिलिमीटरला 0.2 न्यूटन, आणि साधे एम-25 काँक्रीट 25 न्यूटनांना फुटते. म्हणजे शंभरातला एक भागही कामाला लागलेला नाही. कवच जवळजवळ बसून खाते. आता कड्याकडे पाहावे. घुमट उथळ असल्याने आडव्या कड्या सगळीकडे दाबातच राहतात, पण पायथ्याशी तो बाहेर ढकलतोच, आणि त्या ढकलण्याने पायथ्याच्या रिंग बीममध्ये पंधरा टनांहून जास्त ताण येतो. तो झेलायला 16 मिलिमीटरच्या सहा सळया पुरतात. सहाच सळया, पण सगळा घुमट त्यांच्या भरवशावर उभा असतो. त्यांचे सांधे एकाच जागी आले, एखादी कमी पडली किंवा गंजली, तर वरचे चांगले काँक्रीट काही कामाचे नाही.

वारा घुमटाला ढकलतो, असा सर्वसाधारण समज आहे. तो थोडाच खरा आहे. समोरच्या पायथ्याशी वारा ढकलतो. पुढे वर चढताना त्याचा वेग वाढतो आणि माथ्यावर तो घुमटाला वर ओढतो. मागच्या बाजूलाही ओढच असते. उथळ घुमटावर तर जवळजवळ सगळीकडे ओढ. भारतीय मानक आयएस 875 च्या तिसऱ्या भागातले सूत्र साधे आहे: सेकंदाला मीटर या मापातल्या वेगाचा वर्ग करावा, 0.6 ने गुणावे, चौरस मीटरवरचा दाब न्यूटनमध्ये मिळतो. मानकात पुण्याला 39, मुंबईला 44 आणि भुवनेश्वरला 50 मीटरचा मूळ वेग दिलेला आहे. मुंबईच्या वेगाने चौरस मीटरला सुमारे 118 किलो येतात. वर मांडलेल्या घुमटावर ही पूर्ण ओढ एकाच वेळी सगळीकडे लागली असे धरले, जे सहसा होत नाही, तरी ती 37 टन भरते. समोर 91 टन आहेत. घुमट हलत नाही.

पण एकूण बेरीज जुळली म्हणजे घुमट सुटला असे नाही. वाऱ्याचे ओझे एकांगी असते. एका कुशीला दाब आणि माथ्याला ओढ आली की कवचाला वाकावे लागते, आणि पातळ कवचाला वाकण्याचा तिटकारा असतो. कडेच्या पट्ट्यात जाडी वाढवून आत-बाहेर सळयांच्या दोन जाळ्या घालतात त्या यासाठी. वाऱ्याच्या बाजूचे दार उघडे राहिले किंवा तुटले तर आत कोंडलेला दाब बाहेरच्या ओढीला मिळतो आणि दोघे मिळून छत वर रेटतात. फार पातळ, फार उथळ कवच तर दाबाने फुटण्याआधीच एके ठिकाणी आत चेपून जाऊ शकते. आदर्श गोलाचे गणित जे बळ सांगते त्याच्या बऱ्याच कमी बळाला प्रत्यक्षातले कवच चेपते, कारण सेंटरिंगमधला बोटभर फुगवटा गणितात नसतो, घुमटात असतो.

वाऱ्याने काँक्रीटच्या कवचाला कसे फाडले याचा सर्वांत बोलका दाखला घुमटाचा नाही, त्याच्या चुलत भावंडाचा आहे. इंग्लंडमध्ये यॉर्कशरच्या फेरीब्रिज वीजकेंद्रात आठ शीतकरण मनोरे दोन ओळींत उभे होते, प्रत्येकी 114 मीटर उंच. 1 नोव्हेंबर 1965 च्या वादळात त्यांतले तीन कोसळले, आणि तिन्ही मागच्या ओळीतले. ज्यांच्यावर वारा थेट आदळत होता ते पुढचे उभेच राहिले. पुढच्या मनोऱ्यांमधून गाळून आलेला वारा मागच्यांवर खवळलेल्या भोवऱ्यांच्या रूपाने पोचला होता, आणि आराखडा मात्र एकट्या मनोऱ्याच्या हिशोबाने झाला होता. शिवाय वेग धरला होता मिनिटभराच्या सरासरीचा, काही सेकंदांच्या झोताचा नव्हे. या सगळ्यांपेक्षा बोचरा मुद्दा वजाबाकीचा आहे. वाऱ्याच्या बाजूला वारा मनोरा उचलू पाहतो, वजन त्याला दाबून ठेवते, आणि सळईच्या वाट्याला येतो तो या दोन मोठ्या आकड्यांमधला लहानसा फरक. वारा शंभर धरला, वजन ऐंशी असले, तर सळईला वीस झेलायचे. प्रत्यक्षात वारा एकशे वीस निघाला तर सळईवर चाळीस येतात. अंदाज पाचव्या हिश्शाने चुकला आणि ताण दुप्पट झाला. हलक्या कवचाचा आराखडा करणाऱ्या प्रत्येकाने ही वजाबाकी पाठ करून ठेवावी.

घुमट बुटका असल्याने या सापळ्यात सहसा अडकत नाही. अमेरिकेत डेव्हिड साऊथ आणि त्यांच्या भावांनी 1976 साली आयडाहो राज्यातल्या शेली गावी वेगळ्याच पद्धतीने घुमट बांधला: कापडी फुगा फुगवायचा, आतून फोम फवारायचा, सळई बांधायची आणि काँक्रीट मारायचे. फ्लोरिडात पेन्साकोला बीचवर असा एक घर-घुमट आहे. सप्टेंबर 2004 मध्ये आयव्हन चक्रीवादळाने त्या किनाऱ्यावरच्या घरांची दैना केली. हा घुमट उभा राहिला.

भूकंपाची तऱ्हा निराळी. वारा पृष्ठभागावर काम करतो, भूकंप वजनावर. जमीन हलते, घुमटाला जागीच राहायचे असते, आणि या ओढाताणीतून बळ जन्मते. 11 डिसेंबर 1967 च्या कोयना भूकंपात धरणाच्या पोटात बसवलेल्या यंत्राने आडवा हादरा गुरुत्व त्वरणाच्या सुमारे निम्मा नोंदवला. तोच आकडा 91 टनांच्या घुमटाला लावला तर आडवे बळ येते 45 टन. ऐकायला भयंकर वाटते. घुमट सलग गोल भिंतीवर बसलेला असेल तर मात्र हे बळ कवचाच्या पातळीतल्या पातळीत, कडेकडेने खाली उतरते. पायथ्याच्या सर्वांत ताणलेल्या जागी चौरस मिलिमीटरला 0.15 न्यूटनही येत नाही. साध्या काँक्रीटला ते पेलते. गोल आकाराला कोपरे नसतात, अशक्त दिशा नसते, आणि वजन समतोल असेल तर पीळही बसत नाही.

आता भिंत काढून त्याच घुमटाखाली चार मीटर उंचीचे आठ कॉलम ठेवावेत. वर्तमानपत्रात छापायला हे जास्त देखणे दिसते. 45 टन आठांत वाटले तर प्रत्येक कॉलमच्या डोक्यावर साडेपाच टनांहून जास्त आडवे ओझे येते, आणि चार मीटर खाली, पायाशी, ते बावीस टन-मीटरच्या घरातला बाक होऊन बसते. छपराला काही झालेले नसते, आणि छपराचे पाय मोडत असतात. उथळ आणि मोठ्या घुमटात आणखी एक खोड असते. जमीन आडवी हलली तरी घुमटाची एक कूस वर उचलते आणि दुसरी खाली दबते, त्यामुळे आडव्या हादऱ्यातून उभा हेलकावा निर्माण होतो. छताला टांगलेले दिवे, पंखे, खोटे छत या हेलकाव्याने आधी खाली येते. माणसे जखमी होतात ती पुष्कळदा त्यानेच.

आकार जिथे एकदम बदलतो तिथे बळ साचते, हेही कोयनेने दाखवले. धरणाला तडे गेले ते त्याच्या खालच्या अंगाचा उतार जिथे अचानक मोडतो, त्या पातळीवर. घुमट आणि भिंत यांचा सांधा ही तशीच जागा.

जावामध्ये योग्यकार्ताजवळ 27 मे 2006 च्या भूकंपानंतर एका गावाचे पुनर्वसन फुग्यावर बांधलेल्या घुमटांनी झाले. न्यू न्गेलेपेन त्याचे नाव. घरे, मशीद आणि दवाखाना, सगळे घुमटच. भूकंपाच्या दृष्टीने लहान, सलग, जमिनीला चिकटलेल्या घुमटाइतके निर्धास्त घर मिळणे कठीण. तरी तिथल्या लोकांनी घरांमागे वेगळी स्वयंपाकघरे जोडली. गोल भिंतीला कपाट टेकत नाही, आणि पाहुणे आले की गोल खोली पुरत नाही. अभियंत्यांच्या अहवालात असल्या गोष्टींना जागा कमी असते, पण पुनर्वसन फसते ते बहुधा याच गोष्टींनी. किल्लारीनंतरच्या वसाहती पाहिलेल्या माणसाला हे वेगळे सांगायला नको.

भारतात आरसीसी घुमट सर्वांत जास्त दिसतो तो देवळावर, मशिदीवर की तारांगणावर? यांपैकी कुठेच नाही. तो दिसतो गावोगावच्या जलकुंभांवर. मोठ्या जलकुंभाची घडण बहुतेक वेळा आखेनचे प्राध्यापक ओटो इन्त्से यांच्या पद्धतीची असते: वर झाकणाचा घुमट, मध्ये गोल भिंत, खाली आत निमुळता होत गेलेला शंकू, आणि तळाला पुन्हा एक घुमट. तळाचा घुमट खालच्या कड्याला बाहेर ढकलतो, शंकू त्याच कड्याला आत ढकलतो. मापे नीट धरली की दोघांचे भांडण आपसात मिटते आणि कड्यावर फारसे काही उरत नाही. एकोणिसाव्या शतकातली ही युक्ती आजही जिल्हा परिषदेच्या नकाशांत तशीच येते, आणि तिच्यात सुधारणा करायला फारशी जागाही नाही.

भूकंपात मात्र या सुंदर भांड्याचे पाय उघडे पडतात. दहा लाख लिटरच्या टाकीत हजार टन पाणी असते, तेही वीस-पंचवीस मीटर उंचीवर. त्यातले खालचे पाणी भिंतींबरोबर हलते, वरचे सावकाश हिंदकळते. या दोन हिश्शांचा स्वतंत्र हिशोब कसा करावा हे जॉर्ज हाउसनर यांनी 1963 साली दाखवले. जबलपूरच्या 22 मे 1997 च्या भूकंपात, आणि मग 26 जानेवारी 2001 च्या भूजच्या भूकंपात, पोकळ नळकांडीसारख्या आधारावर उभ्या टाक्यांच्या बुडाशी आडव्या भेगा पडल्या. कच्छमधल्या चोबारी गावची टाकी तर आडवीच झाली. ही नळकांडी जेमतेम 15-20 सेंटिमीटर जाडीची आणि बहुधा सळईच्या एकेरी जाळीची असतात. चौकटीत एक कॉलम वाकला तर दुसरा थोडा भार घेतो; नळकांडीला असा दुसरा कोणी नसतो. भूकंपानंतर पिण्याचे पाणी आणि आग विझवायचे पाणी सर्वांत आधी लागते, आणि तेव्हाच टाकी गेलेली असते.

वारा आणि भूकंप यायच्या आधीच घुमट पडू शकतो, हे गोव्याच्या हद्दीपासून फार दूर नसलेल्या कैगाने दाखवले. 13 मे 1994 रोजी तिथल्या अणुवीज प्रकल्पात बांधकाम चालू असताना आतल्या घुमटाच्या काँक्रीटचा खालचा थर सुटून कोसळला. वारा नव्हता, भूकंप नव्हता, अणुइंधनही आलेले नव्हते. वक्र कवचात ताणून बसवलेल्या केबल कवचाच्या जाडीतून आडवा ताण निर्माण करतात, आणि तो झेलायला तिथे पुरेशी सळई नव्हती. पुढे आराखडा बदलून घुमट नव्याने बांधला.

याच्या अगदी उलट दैव सिएटलच्या किंगडोमचे. 201 मीटर व्यासाचा, जगातला सर्वांत मोठा काँक्रीटचा घुमट, कवच अवघे 13 सेंटिमीटर, फासळ्या 40. भूकंपाच्या पट्ट्यात तो 24 वर्षे उभा होता. 26 मार्च 2000 रोजी नव्या स्टेडियमसाठी सुरुंग लावून तो पाडला, आणि वर्षभराच्या आत, 28 फेब्रुवारी 2001 ला, 6.8 तीव्रतेचा भूकंप तिथे आला. एवढ्या मोठ्या पातळ कवचाची खरी परीक्षा पाहण्याची संधी अभियांत्रिकीने अकरा महिन्यांनी गमावली.

किल्लारीचा परिसर 1993 पूर्वी भूकंपाच्या नकाशावर सर्वांत सुरक्षित पट्ट्यात होता. नकाशे बदलतात, वाऱ्याचे आकडेही बदलतात, आणि बांधलेला घुमट पन्नास-साठ वर्षे जुन्या आकड्यांवर उभा राहतो. म्हणून पुढील प्रकरणांतल्या आकड्यांपेक्षा त्यांमागची रीत लक्षात ठेवावी. विद्यार्थ्यांनी संगणकाला हात लावण्याआधी रिंग बीममधला ताण कागदावर काढून पाहावा. दहा मिनिटे लागतात, आणि संगणकाचे उत्तर त्याच्या आसपास आले नाही तर चूक कुठे आहे ते शोधायला सुरुवात करता येते. नगरसेवक, सरपंच किंवा देवस्थानचे विश्वस्त हे वाचत असतील तर त्यांनी ठेकेदाराला घुमटाची जाडी विचारू नये. पायथ्याच्या कड्यात किती सळया आहेत, त्यांचे सांधे कुठे आहेत आणि खालचे कॉलम किती आडव्या बळासाठी काढले आहेत, हे विचारावे. ज्यांना सगळे वाचायला सवड नाही, त्यांनी आधारांचे प्रकरण आधी वाचावे.